टेबलाखालचं बातमीपत्र

मी फक्त बोटावरची पट्टी काढली होती. एवढंच. माणूस दिवसभरात कितीतरी गोष्टी काढतो, घालतो, त्यातून जगाचं काही बिघडत नाही. माझं मात्र त्या एका पट्टीवरून जे सुरू झालं ते थेट टीव्हीवर जाऊन थांबलं.

उजव्या हाताच्या बोटाला नखुरडं झालं होतं. टपोरं, पिवळंजर्द, ठसठसणारं. कस्टर्ड ढवळताना पट्टी ओली होऊन लोंबायला लागली आणि पातेल्यात पडेल या भीतीने मी ती काढून टाकली. (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुका मी चूक होईल या भीतीनेच केल्या आहेत.) मग कस्टर्ड कोमट झालं, तेव्हा त्यात केळ्याचे, सफरचंदाचे तुकडे टाकले आणि हातानेच सारखे केले. आणि मग मनाशी म्हटलं, पूर्ण गार झालं की फ्रीजमध्ये ठेवू.

ते 'की' अजून यायचं आहे.

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर पातेलं ओट्यावर जसंच्या तसं. रात्रभर उकडत होतं आणि कस्टर्ड मजेत, उघड्यावर, फळांच्या गादीवर लोळत पडलं होतं. मी जागच्या जागी दचकले. (मला दचकायला कुणी लागत नाही.)

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, वास घेऊन बघायचा. तीच तर मेख आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे, एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासते, म्हणून मला माहीत आहे. माहीत नसतं तर किती सुखी असते! पिकलेल्या बोटातले जिवाणू दुधाच्या, अंड्याच्या, गोडाच्या पदार्थात पडले आणि पदार्थ उबेला राहिला, की ते तिथे बसून विष तयार करतात. त्या विषाला वास नाही, चव नाही, रंग नाही. पुन्हा उकळलं तर जिवाणू मरतात, विष मरत नाही. ते खाल्लं की तासाभरापासून पाच-सहा तासांत केव्हाही माणसाला अशी उलटी होते, की लहानपणी खाल्लेलंसुद्धा आठवावं.

हेच मी एकदा जेवताना सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. आमच्या आई दुधाच्या बाबतीत फार हळव्या. नासलेलं दूधसुद्धा त्या टाकत नाहीत, त्याचं काहीतरी करतात आणि ते काहीतरी आम्ही खातो. 'उकळलं की सगळं मरतं' हा त्यांचा सिद्धांत.

"आई, जिवाणू मरतात, पण त्यांनी केलेलं विष मागे राहतं," मी म्हटलं.

"करणारा मेला तरी?"

"मेला तरी."

त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे आमच्या आत्याबाईंसारखं. त्या गेल्या, बोलणी राहिली." मग वाटी पुढे सरकवून म्हणाल्या, "तरी पण एकदा उकळून घेतलेलं बरं. घे."

तर असं ते पातेलं, आणि अशा त्या आई, त्याही नेमक्या तेव्हाच स्वयंपाकघराकडे येत होत्या. त्यांच्यासमोर एवढं दूध बेसिनमध्ये ओतायची माझी छाती नव्हती. मी पातेलं उचललं, मागच्या गॅलरीत नेलं आणि कपडे धुवायचा टब त्यावर पालथा घातला. संध्याकाळी कामावरून आले की गुपचूप टाकून देईन. (पुन्हा 'की'.)

आणि हे सगळं नेमकं कुठल्या दिवशी? तर मैनेच्या दिवशी.

मैना म्हणजे माझी नणंद. लहानपणापासून ऐकलेलं घडाघडा म्हणून दाखवते म्हणून घरात तिचं हेच नाव पडलं. एका छोट्या वृत्तवाहिनीत ती कितीतरी वर्षं पडद्यामागे बसून दुसऱ्यांनी वाचायच्या बातम्या लिहायची. शेवटी संपादकबाई म्हणाल्या, एक दिवस देते. संध्याकाळचं बातमीपत्र, थेट प्रक्षेपण. जमलं तर कायमची निवेदिका. अडखळलीस तर परत खाली, आपल्या खुर्चीत, आणि पुन्हा विचारायचं नाही. घरात दुसरा विषय नव्हता. मैना आरशासमोर बातम्या वाचायची, आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, तिने 'ठळक बातम्या' म्हटलं की स्नानगृहातून 'आवाज वाढव' म्हणून ओरडायचे. ते कस्टर्डसुद्धा मी तिच्यासाठीच केलं होतं. तिला फार आवडतं. दुपारी जेवून मगच ती स्टुडिओत जाणार होती.

डेअरीत दिवसभर माझं लक्ष नव्हतं. डबा उघडला तर घास उतरेना. नळीतल्या दुधात मला केळ्याचे तुकडे दिसायला लागले, तेव्हा मी साहेबांना डोकं दुखतंय सांगून लवकर निघाले.

घरी आले, तडक गॅलरीत गेले. टब भिंतीला टेकवून उभा होता. पातेलं नव्हतं.

स्वयंपाकघरात धावले. पातेलं घासून-पुसून, लखलखीत, फळीवर. आत माझा चेहरा दिसला. तो मला आवडला नाही.

बाहेरच्या खोलीत आई फोनवर बोलत होत्या. पलीकडे कमी ऐकू येणाऱ्या मावशी असणार, कारण आई ओरडून बोलत होत्या.

"नाही गं, सुनेला काय बोलायचं! नवीन आहे पोर. लपवून ठेवलं होतं बिचारीने. मी म्हटलं, जाऊ दे. पोटात घातलं! हो, हो. मी घातलं, ह्यांनीही घातलं, मैनेने तर हसत हसत!"

मी दाराच्या चौकटीला धरलं. चौकट होती म्हणून बरं.

फोन ठेवून आईंनी वळून पाहिलं. "आलीस? लवकर कशी?"

"आई... ते गॅलरीतलं..."

"बघितलं मी. त्यावर आता बोलायचं नाही. विषय संपला."

"संपला म्हणजे... सगळा?"

"सगळा. मी मनात काही शिल्लक ठेवत नाही."

"पण आई, तुम्ही ते आधी... उकळलं होतं का?"

आई हसल्या. "खोटं कशाला बोलू? आधी उकळायचं तेवढं उकळलं. एवढं दूध म्हटल्यावर उकळणारच! मग झालं हळूहळू गार."

"आणि मग..."

"मग काय? घातलं पोटात. मोठ्या माणसांनी करायचं ते हेच." असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मरणाऱ्या माणसाने मागे राहणाऱ्याच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

तेवढ्यात आतून बाबांचा लांबलचक ढेकर ऐकू आला. मी दचकले.

आता सांगून टाकायचं की नाही? माझ्या मनात दोन वकील भांडायला लागले. एक म्हणाला, सांग, डॉक्टरकडे ने. दुसरा म्हणाला, उलटी होणार असं सांगितलं की न होणाऱ्यालाही होते. शिवाय आत्ता तर दोघं ठणठणीत आहेत, तू पाणी पाज आणि लक्ष ठेव. माझ्या मनातला दुसरा वकील नेहमीच जिंकतो, कारण तो कमी कामं सांगतो. मी तांब्याभर पाण्यात मीठ-साखर घातली.

"हे काय?" बाबांनी एक घोट घेऊन विचारलं.

"उन्हाचं बरं असतं, बाबा."

"चव बघितलीस का? अश्रूंचं सरबत केल्यासारखं लागतंय."

"बाबा, तुम्हाला... बरं वाटतंय ना?"

"आतापर्यंत वाटत होतं."

आईंनी ग्लास संपवला, पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आज पोटात कसं गलबलतंय गं."

माझ्या हातातला तांब्या खाली पडला.

"पोरगी टीव्हीवर दिसणार म्हटल्यावर व्हायचंच," त्या पुढे म्हणाल्या. पण मी खऱ्या कारणाची मानकरी होते. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की हे दोघं घरात आहेत, यांना उलटी झाली तर बेसिन हाकेच्या अंतरावर आहे. मैना कुठे आहे? मैना आत्ता रंगरंगोटी करून कॅमेऱ्यासमोर बसायच्या तयारीत आहे. सगळ्या गावासमोर. सगळ्यात जास्त, हसत हसत, तिनेच खाल्लंय.

मी तिला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग नवऱ्याला लावला.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांशी बाहेरून बोलून त्यांना शांत ठेवायचं हा त्याच्या कामाचा भाग आहे. घरातही मी घाबरले, की तो त्याच आवाजात बोलतो.

"घाबरू नकोस. हवा आत येते आहे."

"अरे, मी लिफ्टमध्ये नाहीये! मैनेला विषबाधा झाली आहे!"

"बरं. कुणी केली?"

"मी!"

मग त्याच आवाजात, "दारापासून दूर उभी राहा. मी येतोय."

स्कूटरवर मी त्याला सगळं सांगितलं. नखुरडं, पट्टी, कस्टर्ड, टब, पोटात घातलं. तो प्रत्येक वाक्याला 'बरं' म्हणत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे एका बोटाने तू माझं अख्खं माहेर आडवं केलंस."

"तुझं माहेर नाही, घर. माहेर माझं असतं."

"ते एकच उरलं तर आता आपण दोघं तिथेच राहायला जाऊ."

मला रडू यायला लागलं. तो म्हणाला, "हवा आत येते आहे."

स्टुडिओच्या दारावरच्या रखवालदाराने आम्हाला अडवलं. नवऱ्याने आपलं कामाचं कार्ड दाखवून "लिफ्ट" एवढंच म्हटलं. रखवालदार म्हणाला, "इमारतीला लिफ्टच नाही." नवरा म्हणाला, "तीच तर तक्रार आहे." तो विचारात पडला तेवढ्यात मी त्याच्या हाताखालून आत शिरले. (भित्री माणसं फार चपळ असतात. हरणं बघा.)

आत एका अंधाऱ्या बोळात कानावर यंत्र लावलेला एक घामाघूम माणूस फेऱ्या मारत होता. तो फ्लोअर मॅनेजर. मी त्याची बाही धरली.

"तुमच्या निवेदिकेला उलटी होणार आहे."

"तुम्ही ज्योतिषी आहात का?"

"वहिनी आहे. तिने खराब कस्टर्ड खाल्लंय. मी केलेलं. त्यातलं विष उकळूनसुद्धा जात नाही."

तो पांढरा पडला. "कधी होणार?"

"सांगता येत नाही. आत्तापासून पुढे केव्हाही."

"हवामानाच्या वेळी झाली तर चालेल. तेव्हा नकाशा असतो."

"असं ठरवून होत नाही हो!"

"तिला सांगितलंत?"

"नाही. सांगितलं तर आत्ताच होईल."

"मग नका सांगू!" त्याने कानाचं यंत्र ओठांजवळ ओढलं आणि ओरडला, "हॅलो! वर कोण आहे? बदली पाहिजे! ताबडतोब! हो, बदली!"

यंत्रातून कुणीतरी खरखरलं. तो म्हणाला, "मोठी कशाला, लहान कशाला, जी मोकळी असेल ती पाठवा!"

आम्ही दोघं श्वास रोखून बदली निवेदिकेची वाट बघत उभे राहिलो. मला त्या जागेची वाट बघत बसलेल्या दुसरीचा चेहरा दिसायला लागला. ती येणार, मैनेच्या खुर्चीत बसणार, आणि मैना परत खाली. माझ्या बोटामुळे. मैनेने आरशासमोर घासलेल्या त्या सगळ्या 'ठळक बातम्या' माझ्या एका नखाखाली गेल्या. बोट ठसठसायला लागलं. आवडलं असणार त्याला.

बोळाच्या टोकाला दार उघडलं. एक म्हातारे शिपाई हळूहळू चालत आले. त्यांच्या हातात एक लाल प्लास्टिकची बादली होती.

"ही एकच मोकळी होती," ते म्हणाले. "बाकीच्यांत फिनेल आहे."

फ्लोअर मॅनेजरने बादलीकडे पाहिलं. बादलीने त्याच्याकडे. "मी बदली म्हटलं होतं, मामा! बदली!"

"तेच आणलंय की. हँडल नवीन बसवलंय."

आतून दिवा लाल झाला. कुणीतरी ओरडलं, "सगळे जागेवर!" आता ना बदली आणायला वेळ होता, ना बातमीपत्र थांबवायला. फ्लोअर मॅनेजरची नजर बादलीवरून सरकत माझ्यावर आली. माणूस अडला की त्याच्या डोक्यात कल्पना येतात, तसली एक त्याच्या डोक्यात येताना मला दिसली.

"तुम्ही अंगाने बारीक आहात," तो म्हणाला.

असं माझं वृत्तवाहिनीत पदार्पण झालं. गुडघ्यांवर रांगत, बादली पुढे सरकवत, निवेदिकेच्या टेबलाखाली.

मैनेने खाली वाकून पाहिलं आणि तिचे डोळे विस्फारले. "वहिनी? तू काय करतेयस इथे?"

"शुभेच्छा द्यायला आले."

"टेबलाखालून? आणि बादली कसली?"

"तू वर बघ. हसतमुख राहा. काही वाटलं तर पायाने खूण कर."

"मला काय वाटणार आहे?"

"शांतता!" बाहेरून आवाज आला. आणि वर, माझ्या डोक्यावर, ती एकदम दुसरीच बाई झाली. "नमस्कार. संध्याकाळच्या बातमीपत्रात आपलं स्वागत."

टेबलाखाली जग फार लहान असतं. मला दिसत होते फक्त मैनेचे बूट आणि गुडघे. वरच्या बातम्या ऐकू येत होत्या, पण मी त्या गुडघ्यांवरून वाचत होते. पुलाच्या कामाची बातमी झाली, गुडघे स्थिर. नगराध्यक्षांचं भाषण झालं, डावा बूट किंचित हलला. मी बादली पुढे केली. बूट पुन्हा थांबला. मी बादली मागे घेतली. पुन्हा हलला. मी पुन्हा पुढे केली. अशी ती बादली त्या बातमीपत्रात कितीतरी येरझाऱ्या घालून आली असेल. मला घाम फुटला होता, पाठ मोडली होती, आणि बादलीच्या तळातून कधीकाळच्या फिनेलचा वास येत होता. (मामांनी खोटं सांगितलं होतं.) सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि मीठ-साखरेचं ते सरबत बाबांना चव दाखवता दाखवता बरंचसं मीच प्यायले होते.

आणि मग वरून आवाज आला, "एका वसतिगृहातील विद्यार्थ्यांना अन्नातून विषबाधा झाली असून, अनेकांवर उपचार सुरू आहेत..."

मी डोकं टेबलाला आपटलं. दचकण्याची सवय जागा बघत नाही.

"...रात्रभर उघड्यावर राहिलेला भात सकाळी परत गरम करून वाढण्यात आला. ही विषबाधा विषाणूंमुळे..."

"जिवाणू," मी पुटपुटले. डेअरीतल्या सवयीने, तोंडातून निसटलंच.

वर अर्धा क्षण शांतता. मग तोच गोड, ठाम आवाज: "...क्षमस्व, जिवाणूंनी तयार केलेल्या विषामुळे झाली, असं सांगण्यात येतं."

मला अभिमान वाटला. मग लक्षात आलं, की ती अडखळली. माझ्यामुळे. संपादकबाई वर काचेआड बसून ऐकत असणार. मी ओठ दाताखाली धरले.

इस्पितळाची चित्रफीत सुरू झाली आणि मैनेचा माइक काही क्षण बंद झाला. ती झटकन खाली वाकली.

"वहिनी, खरं सांग. काय झालंय?"

आता दडवण्यात अर्थ नव्हता. "मैने, दुपारी तू खाल्लेलं कस्टर्ड खराब होतं. माझ्या बोटात पू होता. ते रात्रभर बाहेर होतं."

"कुठलं कस्टर्ड?"

"गॅलरीतलं."

"ते? ते आईने सकाळीच ओतून टाकलं! रडत होती टाकताना. म्हणाली, सून म्हणते ना विष मरत नाही, मग टाकलंच पाहिजे."

"पण आई फोनवर म्हणाल्या, पोटात घातलं! तू हसत हसत घातलंस!"

मग मैनेच्या चेहऱ्यावर पहाट व्हावी तसं उजाडलं. "अगं बाई! तू ते लपवून ठेवलंस, ती चूक पोटात घातली! कस्टर्ड नाही! तू लहानपणी मराठी शिकली नाहीस का?"

"आणि... उकळलं..."

"तिचं डोकं उकळलं!"

म्हणजे आई ठीक होत्या. बाबा ठीक होते. मैना ठीक होती. कुणीही आडवं पडणार नव्हतं. सकाळपासून आवळलेली माझ्या आतली एकेक दोरी सैल झाली. खांदे सैल झाले, मान सैल झाली, जबडा सैल झाला. आणि माझ्या पोटालाही वाटलं, की आता आपणही सैल व्हायला हरकत नाही.

"पाच सेकंद!" फ्लोअर मॅनेजर ओरडला. मैना ताठ झाली. तिच्या कॉलरला लावलेला माइक चालू झाला.

आणि पडद्यावर इस्पितळातले खाटांवर पडलेले विद्यार्थी दिसत असताना, मैना "डॉक्टरांनी सांगितलं की रुग्णांची प्रकृती..." म्हणत असताना, मी ती बादली कामी लावली.

मी सभ्य घरातली मुलगी आहे. तो आवाज माझ्यातून निघाला यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मोठ्या पातेल्यातून घोडा पाणी पितोय आणि पिता पिता शिव्या देतोय, असा काहीतरी तो होता. एकदा झाला. मी तोंड दाबलं. मग दुसऱ्यांदा झाला, दाबल्यामुळे जास्त जोरात.

मैनेचा गुडघा हललासुद्धा नाही. "...रुग्णांची प्रकृती स्थिर असली, तरी त्रास अद्याप सुरू आहे," ती म्हणाली, आणि शांतपणे हवामानाकडे वळली.

मी टेबलाखाली बादलीला मिठी मारून बसले आणि मैनेच्या जन्माची वाट लागली म्हणून हुंदके देत राहिले. (तेही ऐकू गेले म्हणतात, पण तेव्हा वादळाचा इशारा चालू होता.)

बातमीपत्र संपलं. संपादकबाई काचेमागून खाली आल्या. मी टेबलाखालून बाहेर आले नाही. मला वाटलं, इथेच राहावं, डबा कुणीतरी आणून देईल. त्यांची पावलं टेबलाजवळ थांबली. मग त्या मैनेला म्हणाल्या, "माझ्या अख्ख्या नोकरीत मी एवढी स्थिर निवेदिका बघितली नाही. असा आवाज माझ्या शेजारी झाला असता, तर मी खुर्चीवरून पडले असते. उद्यापासून रोज."

मैनेने खाली हात घातला आणि माझा हात शोधून घट्ट धरला. नेमकं नखुरड्याचं बोट धरलं. मी किंचाळले. तेव्हा कुठे संपादकबाईंना मी दिसले.

घरी गेल्यावर आईंनी मला जवळ बसवून भात भरवला, ताजा. "पोटात घातलं म्हणजे खाल्लं, असं वाटलं होय तुला?" म्हणाल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "पण तुझं म्हणणं ऐकून ओतलं हं मी ते. एवढं दूध! आत्याबाईंचं बोलणं मी कधी विसरले नाही, तुझंही नाही विसरणार."

हे कौतुक होतं की नाही, मी विचारलं नाही.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण काही दिवसांनी वाहिनीकडून मला फोन आला. अन्नातून होणाऱ्या विषबाधेवर एक विशेष कार्यक्रम करायचा आहे, तुम्ही स्टुडिओत याल का?

मी हरखले. शेवटी कुणाला तरी माझ्या शिक्षणाची किंमत कळली! मी झोप सोडून तयारी केली. कुठले जिवाणू, कुठलं विष, उकळल्यावर काय मरतं, काय उरतं, भात का फ्रीजमध्ये लवकर ठेवावा, पिकलेल्या बोटाने स्वयंपाक का करू नये, सगळं पाठ केलं. डेअरीत सगळ्यांना सांगितलं. साहेबांनी त्या संध्याकाळी प्रयोगशाळेत टीव्ही लावायचं कबूल केलं. मी नवीन ड्रेस शिवला. नवऱ्यापुढे उभी राहून आरशासमोर करावा तसा सराव केला. तो म्हणाला, "हवा आत येते आहे."

स्टुडिओत पोचले. फ्लोअर मॅनेजरने मला आदराने एका काचेच्या खोलीत नेलं, माइक समोर ठेवला. मी घसा साफ करून म्हटलं, "नमस्कार. आपल्या अन्नातले जिवाणू जे विष तयार करतात, ते..."

"नाही, नाही, बोलायचं नाही," तो यंत्रातून म्हणाला. "बोलायला आम्ही डॉक्टर बोलावले आहेत. तुम्ही फक्त तो आवाज काढा. त्या दिवशीचा. प्रेक्षकांचे किती फोन आले माहीत आहे? इतकं जिवंत वार्तांकन कुठे ऐकलं नाही म्हणतात."

मी समजून घेतलं. मग प्रयत्न केला. पोटावर दाबलं, वाकले, कस्टर्ड आठवलं, सासूबाईंचा चेहरा आठवला, टब आठवला. आयुष्यात पहिल्यांदाच माझं पोट एखाद्या तळ्यासारखं शांत होतं. घशातून एक छोटासा, सुसंस्कृत खोकला आला. त्यांनी तीनदा घेऊन पाहिलं आणि शेवटी कंटाळून जुनीच ध्वनिफीत वापरली.

त्या संध्याकाळी डेअरीत सगळे टीव्हीसमोर जमले. कार्यक्रम अखेरपर्यंत पाहिला, मी कुठेच दिसले नाही. साहेब माझ्याकडे सहानुभूतीने बघायला लागले, तेवढ्यात पडद्यावर शेवटची नावं सरकायला लागली. निर्मिती, संकलन, छायाचित्रण... आणि त्यांच्याखाली, चांगल्या मोठ्या अक्षरांत:

'उलटी: निवेदिकेची वहिनी.'